नेटवर्कचा तार्किक आराखडा: एकच चित्र की थरांनुसार वेगळी?

नमस्कार मंडळी,

अंधेरी एमआयडीसीत कार्यालय आणि भिवंडीत गोदाम असलेल्या एका कंपनीचे नेटवर्क मी तीन महिन्यांपासून सांभाळतो आहे. आधीच्या सहकाऱ्यांनी व्हिजिओ या आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला आराखडा देखणा आहे; रॅक, पॅच पॅनेल, केबलींचे रंग, सारे त्यात आहे. परंतु गेल्या महिन्यात एक स्विच बंद पडला, तेव्हा तो कितव्या मजल्यावर आहे हे आराखड्याने लगेच सांगितले, आणि लेखा विभागाचा गेटवे (त्याच्या नेटवर्कातून बाहेर पडण्याचे दार) कोर, म्हणजे मध्यवर्ती, स्विचवर आहे की फायरवॉलवर, हे शोधण्यात मात्र दीड तास गेला.

म्हणून तार्किक आराखडा, म्हणजे केबलींऐवजी माहितीची वाट दाखवणारा, नव्याने काढायला घेतला आहे. एलएलडीपी (उपकरणांनी शेजाऱ्यांना आपली ओळख सांगण्याची पद्धत), राउटिंग तक्ता (कोणत्या नेटवर्ककडे कोठून जायचे) आणि एआरपी तक्ता (कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक, म्हणजे हार्डवेअरचा, पत्ता आहे) यांवरून कच्ची माहिती जमली. (एका जुन्या स्विचला एलएलडीपी ठाऊकच नाही; त्याचे शेजारी, कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता दिसतो ते सांगणाऱ्या मॅक तक्त्यावरून ताडावे लागले.) एकूण १४ व्हीलॅन (त्याच स्विचांवर पाडलेली आभासी वेगळी नेटवर्के), तेवढेच सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) आणि भिवंडीकडे जाणारा एक व्हीपीएन टनेल (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित जोडणी) निघाला. हे सारे एका चित्रात मांडले, तर त्यापेक्षा दादरच्या पुलावरची संध्याकाळ बरी. दुसरा थर (स्विच आणि व्हीलॅन) आणि तिसरा थर (आयपी पत्ते आणि राउटिंग) वेगळे काढावेत का? तसे केल्यास व्हीलॅनांमधील राउटिंगही करणारा कोर स्विच कोठे दाखवावा? आणि चित्रावर आयपी पत्ते किती लिहावेत?

प्रतिसाद:
वेगळेच काढा. कोर स्विच दोन्हीकडे येऊ द्या. तिसऱ्या थराच्या चित्रात तो केवळ राउटर असतो. तेथे प्रत्येक सबनेटची एक आडवी पट्टी काढून ज्या उपकरणावर तिचा गेटवे आहे ते तिला जोडावे, म्हणजे आपला दीड तास वाचेल. पत्ते सबनेट आणि गेटवेपुरतेच लिहावेत, बाकीचे नेटबॉक्ससारख्या नोंदवहीत ठेवावेत. दुसऱ्या थराच्या चित्रात ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या जोडण्या), त्यांवरून जाणारे व्हीलॅन क्रमांक आणि स्पॅनिंग ट्रीचा (स्विचांच्या जाळ्यात चक्र होऊ न देणारी पद्धत) रूट ब्रिज, म्हणजे तिचा केंद्रस्थानचा स्विच, हवाच. रूट निवडताना पाहिली जाणारी प्रायॉरिटी सर्व स्विचांवर मूळ ३२७६८ वरच राहिली असेल, तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच रूट होतो, आणि तो बहुधा कोर नसतो. एकदा तपासून पाहावे.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तपासले. रूट ब्रिज कँटीनबाहेरचा आठ पोर्टांचा स्विच निघाला.