मदत हवी आहे: घोडी चरावर अडते, स्पर्धा १९ दिवसांवर

वाऱ्याची_पाठ
घोडी ९ वर्षांची, सव्वा वर्ष माझ्याकडे आहे. ओंडके, पाणी, बँक (मातीचा उंचवटा) सगळं बिनतक्रार घेते. चर आला की संपलं. दोन पावलं आधी मान वर, पुढचे पाय रोवले आणि उभी. क्रॉस-कंट्रीच्या (मोकळ्या रानातले अडथळे घोड्यावरून पार करायच्या स्पर्धेच्या) ९० सेंमी उंच अडथळ्यांच्या वर्गात नाव दिलंय, कोर्सवर दोन चर आहेत. पहिल्या नकाराला २० पेनल्टी, त्याच अडथळ्यावर दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला बाद. दोन आठवडे रोज प्रयत्न करतेय. "धीर धरा" कृपया लिहू नका, ते ऐकून झालंय. नेमकं काय करायचं ते सांगा.

रिकीब
चर केवढा रुंद, केवढा खोल? नुसता खड्डा की वर ओंडकाही आहे? ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) येता की कँटरवर (हळू दौडीवर)? दुसऱ्या घोड्यामागून जाते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही आधीपासूनच अडायची की आता अडायला लागली?

लोखंडी_मांड
बिट (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) बदला. माझा घोडा साध्या, सौम्य स्नॅफल बिटवर असाच उभा राहायचा. पेल्हम हा कडक बिट घातला, ८ दिवसांत सरळ झाला. घोड्याला एकदा कळलं की नाही म्हणता येतं, की तो सगळीकडे नाही म्हणतो. पोटरी आवळून धरा, अडली की लगेच खांद्यामागे एक चाबूक. दुसरी संधी द्यायचीच नाही.

मोकळं_रान
लोखंडी_मांड, तुमच्या घोड्याचं ठीक झालं असेल, पण हा सल्ला इथे नको. घोड्याला कपाळासमोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. जमिनीतली गोष्ट नीट बघायला त्याला मान खाली घ्यावी लागते. कडक बिट घालून तोंड वर धरलंत, तर ज्याला ती घाबरते तेच तिच्या नजरेआड जाईल. मग अडेल नाही तर काय करेल?

लोखंडी_मांड
मी २० वर्षं घोड्यावर बसतोय. ताबा नसला की घोडा चरात पाय घालतो आणि स्वार मानेवरून जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाऱ्याची_पाठ
साधा चर आहे हो. एक मीटर रुंद, गुडघाभर खोल, वर काही नाही. कँटरवर येते. दुसऱ्या घोड्यामागून करून पाहिलं नाही. आधी घ्यायची.

रिकीब
आधी म्हणजे कधीपर्यंत? मध्ये काय झालं?

टापांचा_आवाज
चर जमेल हो, पण घोडीच्या दमाकडे लक्ष आहे का? चार दिवसांतून एकदा ५ मिनिटांचा कँटर तीन वेळा, मध्ये ३-३ मिनिटं चालवणं, एवढं तरी हवं. काळीज-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, कंडरांना महिने लागतात. उत्साहात पाय गेला की वर्ष गेलं. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

वाऱ्याची_पाठ
दमाचं मी विचारलं नाहीये.
रिकीब, दोन महिन्यांपूर्वी पाऊस पडून गेल्यावर याच चरावर तिचा मागचा पाय कडेवरून घसरला. पोटावर आपटली, मी पडले. तिला खरचटलं नाही, दुसऱ्या दिवशी बसलेही. म्हणून वरती लिहिलं नव्हतं.

निवृत्त_पशुवैद्य
खरचटलं नाही म्हणजे दुखलं नाही असं नव्हे. पाठ, हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा) आणि खोगीर तपासून घेतलं का? उडी मारून उतरताना दुखत असेल तर कुठलीही युक्ती लागू पडणार नाही.

वाऱ्याची_पाठ
घेतलंय. मागच्या महिन्यातच डॉक्टरांनी वर्तुळात चालवून, सांधे वाकवून सगळं पाहिलं. ठीक आहे.

पावणेसोळा
घोडीची उंची किती? लहान घोडे चराला घाबरतात म्हणून मोठा घोडा घ्या, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. न्यूझीलंडचा स्वार मार्क टॉड याचा घोडा करिस्मा १५ हँड ३ इंच (सुमारे १६० सेंमी) होता. १९८४ आणि १९८८, दोन्ही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण!

मोकळं_रान
उंचीचं इथे कोणीच बोललेलं नाही. वाऱ्याची_पाठ, पडल्यापासून चराकडे येताना तुमचे हात कुठे असतात, नजर कुठे असते? कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. आणि चर उन्हात आहे की सावलीत?

वाऱ्याची_पाठ
व्हिडिओ पाहिला. कँटरच्या तीन ढांगा आधीच माझे हात छातीपर्यंत येतात आणि मी थेट चरात बघतेय. पाहून बरं वाटलं नाही. चर झाडांखाली आहे, समोर उघडं मैदान, म्हणजे उन्हातून सावलीत जावं लागतं.

मोकळं_रान
मग तिच्या बाजूने विचार करा. घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात गेल्यावर आपल्यापेक्षा हळू सरावतात. तिथे आधी घसरलेली, वरून मान धरून ठेवलेली आणि पाठीवरचा माणूस घाबरलेला.

तो चर सध्या सोडा. मैदानात दोन दांड्या जमिनीवर ठेवा, मध्ये गडद ताडपत्री, रुंदी फूटभर. चालत न्या. हुंगू द्या, हवा तेवढा वेळ. मानेला पट्टा बांधा आणि ओलांडताना तोच धरा, म्हणजे तोंडाला झटका बसणार नाही. नजर पलीकडच्या झाडावर. मग ट्रॉट, मग दांड्या हळूहळू लांब. खऱ्या चरावर जाल तेव्हा ढगाळ वेळ किंवा सकाळ बघा, जमीन कोरडी असू द्या आणि पुढे भरवशाचा घोडा.

लोखंडी_मांड
ताडपत्री आणि खरा चर यांत फरक आहे. स्पर्धेत पुढे घोडा मिळणार नाही.

रिकीब
म्हणूनच शेवटी एकटीने करायचं. पण १९ दिवसांत ९० सेंमीवर दोन चर, हे माझ्या मते घाईचं आहे. आणि एकट्या असताना जंप करू नका.

वाऱ्याची_पाठ
सहा दिवसांनी लिहितेय. चार दिवस ताडपत्री केली, आज सकाळी चर. मैत्रिणीचा घोडा पुढे गेला. घोडी काठावर थांबली, नाक पार गवतात घातलं, दोनदा जोरात फुरफुरली. मी पट्टा धरून बसून राहिले, पोटरीही लावली नाही. कान आधी मागे होते, मग एक पुढे, मग दोन्ही. आणि जागच्या जागी उडी मारून पलीकडे! गरजेपेक्षा दुप्पट उंच, पण पलीकडे. नंतर ट्रॉटवर तीन वेळा, शेवटचा अगदी शांत. ९० मधून नाव काढून ७० मध्ये घातलं. तिथे चर एकच आहे, उथळ.

रिकीब
छान. उद्या विश्रांती द्या, परवा पुढच्या घोड्याशिवाय एकदाच घ्या आणि जमलं की लगेच उतरा.

टापांचा_आवाज
७० असलं तरी कोर्सभर कँटर करावा लागतो. दमाचं बघा.