पहिली छर्‍याची रायफल: स्प्रिंगची का पंपाची?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)
राम राम मंडळी. पोरगी नववीत हाये. 2024 मध्ये पॅरिसले कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमधी ब्राँझ आणलं, तवापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. माया साळा टेक्सासात हाये. तो घरीच प्रेस लावून काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरते. मले वाटलं आपणबी तसलं प्रेस घेऊ, काडतुसाचा खर्च वाचन. मग समजलं का आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय काडतूस बनवणं म्हणजे थेट गुन्हा. अन् 50 मीटरले लागते ती .22 ची पुंगळी तशीही पुन्हा भरता येत नाही, तिची ठिणगी पाडणारी दारू बुडाच्या कडेतच असते, एकदा ठोकली का संपली.

तं सुरुवात 10 मीटरच्या छर्‍याच्या रायफलीनं. कापसाचे पैसे आले हायेत. स्प्रिंगची घेऊ का हवा भरायची पीसीपी? पीसीपीले दुप्पट-तिप्पट पैसे लागतात. सांगा बॉ.

वर्धेचा_मामा
डोळे झाकून स्प्रिंगची. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी लावायची, मारायचं. पंप नाही, सिलिंडर नाही. सील गेलं तर घरी बदलता येतं, मी ओसरीत बसून दोनदा बदललं आहे. फक्त छर्रा न घालता रिकामी चालवू नका, दट्ट्या धाडकन आपटतो आणि स्प्रिंगची वाट लागते.

नेमबाज_ताई
मामा, तुमचा मान राखून सांगते, हा सल्ला चुकीचा आहे. मी तीन वर्षं जिल्ह्याला खेळले. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतच असतो आणि तिकडे दट्ट्या आधी मागे, मग पुढे झटका देतो. जरा घट्ट धरली की नेम बदलला, सैल धरली की पुन्हा बदलला. नवीन पोरीला कळणारच नाही की चूक तिची का बंदुकीची. स्पर्धेतल्या रायफलीला असा झटका नसतो. निशाण्याच्या मधोमधचा 10 गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो! पहिल्या दिवसापासून तिला स्वतःची चूक दिसली पाहिजे.

वर्धेचा_मामा
ताई, ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, कबूल. पण पीसीपीत 200 बार दाबाची हवा भरणार कोण? माझ्या भाच्याने पीसीपी घेतली. हातपंपाचे शेवटचे दांडे मारताना पोट्टं अख्खं पंपावर लोंबकळायचं. घामाघूम होऊन नेमाला उभं राहिलं की हात थरथर. पावसाळ्यात तर पंपातून ओल आत जाते ती वेगळीच. पुढे हवा गळायला लागली, शहरातल्या दुकानात टाकली, दोन महिने तिथेच पडून. दर वेळी एसटीचं तिकीट काढा आणि "पुढच्या आठवड्यात" ऐकून परत या.

नेमबाज_ताई
हवा बापाने आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची! एकदा भरली की सरावाचे एक-दोन दिवस निघतात. ओलीचं मात्र मामांचं बरोबर आहे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही भरू नका. आत ग्रीस असतं, स्फोट होतो. जुनी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेतली, मिळत असेल तर तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा, बऱ्याच सिलिंडरांची मुदत 10 वर्षांची असते. स्वस्त मिळते ती बहुतेक त्याचसाठी.

जागलीवाला
पैसे घालतच हा तं जरा जोरदार घ्या ना भाऊ. दिवसा पोट्टी शिकन, रात्री डुकरं अन् रोही (नीलगायी) हाकलता येतीन. आमची तूर गेल्या साली रातोरात लोळवली.

नेमबाज_ताई
दादा, तुरीचं दुःख कळतं, पण हे नको. अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याने डुक्कर मरत नाही, पिसाळतं, आणि सकाळी निंदणाला आलेल्या बाईच्या अंगावर जातं. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय मारता येत नाही. विनापरवाना छर्‍याची बंदूक 20 ज्यूल जोराच्या आतली आणि 0.177 इंच बोअरपर्यंतचीच (बोअर म्हणजे नळीचं भोक). त्यावरची घेतली तर पोरीचा खेळ राहील बाजूला, बाप ठाण्यात.

जागलीवाला
मंग आमी रातभर डबेच बडवाचे का? बरं, राहू द्या. धागा तुमचा हाये.

निवृत्त_पीटी_मास्तर
दोघंही घाई करता आहात. स्पर्धेत 60 नेम, 75 मिनिटं, आणि रायफल साडेपाच किलोपर्यंतची. आधी पोरीला रोज अर्धा तास उभं राहायला लावा, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, हातात तेवढ्या वजनाची काठी. महिनाभर टिकली तर बंदूक घ्या. आमच्या शाळेतली एअर रायफल तीन वर्षं कपाटात होती, कारण ती आधी आली आणि उभं राहणारं पोरगं नंतर शोधलं.

अन् छर्रे सपाट डोक्याचेच आणा, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. मागे विटांची भिंत ठेवू नका, छर्रा उलटून येतो. लाकडी पेटीत जुन्या चिंध्या गच्च ठासा, पाठीमागे लोखंडी पत्रा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय भाकरीला बसू द्यायचं नाही.

पऱ्हाटीवाला
मास्तर, काठीचं पटलं. वखराचा जुना दांडा तोलून पायला, पावणेचार किलो भरला. पोरगी काल वीस मिनटं उभी रायली, मंग म्हणे खांदा गेला.

पण नवीनच भानगड निघाली. सराव गोठ्यात कराचा म्हणून काल दोरी घेऊन गोठा मोजला तं सातच मीटर. दहा कराचे तं दार उघडं ठेवून आंगणातून मारा लागन, अन् आंगणात मायच्या वड्या वाळत असतात. माय म्हणे, माया वड्यांवरून छर्रे गेले तं बंदूक हिरीत टाकीन. आता गोठ्याची मागची भिंत पाडाची का वड्या माडीवर न्याच्या, यावर घरात दोन पार्ट्या पडल्या हायेत. ताई, मामा, तुमी कोणत्या पार्टीत?