एलीच्या घराण्यावरील न्यायदंड : शिलो येथे नेमके काय घडत होते?

सदरकर : आमच्या नागपूरच्या सदर भागातील बायबल अभ्यासगटात सध्या जुन्या करारातील १ शमुवेल हे पुस्तक वाचले जात आहे. दुसऱ्या अध्यायात शिलो येथील पवित्रस्थानाचा याजक (पुरोहित) एली याचे पुत्र हफनी आणि फिनहास यांचे गैरवर्तन येते आणि चौथ्यात दोघेही एकाच दिवशी मारले जातात. अर्पणातील मांस जास्तीचे घेतले म्हणून साऱ्या घराण्यावर शाप यावा, हे गटातील तरुणांना पटत नाही. शिवाय एलीने मुलांना समज दिलीच होती. मग त्याचा दोष कोणता? जाणकारांनी कृपया त्या काळची व्यवस्था समजावून सांगावी.

धंतोलीचा वाचक : प्रश्न मांसाच्या प्रमाणाचा नव्हता. याजक ज्या लेवी वंशातले, त्या वंशाला वतनाची जमीन मिळाली नव्हती, त्यांचे पोट अर्पणांवरच चालत असे, आणि म्हणूनच त्यांचा वाटा नियमाने बांधून दिलेला होता. बायबलातील लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायानुसार शांत्यर्पणातील (देवाशी सख्यासाठी वाहिलेल्या पशुबळीतील) ऊर आणि उजवी मांडी याजकांची. अनुवाद या दुसऱ्या नियमग्रंथाच्या १८ व्या अध्यायात फरा, दोन्ही गालफडे आणि कोथळा असा वेगळा हिशेब दिसतो. बाकीचे मांस अर्पण करणारे कुटुंब खात असे. शिलोत मात्र मांस शिजत असतानाच याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई, तो भांड्यात खुपसे आणि काट्याला लागून येईल तेवढे सगळे याजकाचे ठरे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे चरबी वेदीवर जाळण्याआधीच कच्चे मांस मागितले जाई. चरबी ही परमेश्वराची, आणि ती खाणाऱ्याचा आपल्या लोकांतून उच्छेद व्हावा, असा लेवीय ७:२५ चा दंडक आहे. आधी चरबी जळू द्या, मग हवे ते न्या, अशी विनवणी अर्पण करणारा साधा माणूस करतो आणि चाकर त्याला बळजबरीची धमकी देतो. म्हणजे नियम भक्ताला ठाऊक आहे आणि याजकाला त्याची पर्वा नाही. माझ्या मते या प्रसंगातला सर्वांत बोचरा भाग हाच आहे. दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या पवित्र तंबूच्या) दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी केलेले कुकर्म तर वेगळेच.

एलीने समज दिली, पण मुलांना आवरले नाही, असे १ शमुवेल ३:१३ स्पष्ट म्हणते. त्याआधी २:२९ मध्ये उत्तम भाग खाऊन पुष्ट झाल्याचा आरोप बापासह सगळ्यांवर आहे. पुढे मृत्युसमयी, वयाच्या ९८ व्या वर्षी, तो अंगाने जड होता, हा तपशील कथाकाराने उगीच दिला असेल असे वाटत नाही.

उत्खननप्रेमी : ऐतिहासिक बाजूने थोडी भर घालतो. शिलो म्हणजे जेरुसलेमच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवरील आजचे खिरबेत सैलून. तेथे १९२० च्या दशकात डॅनिश पथकाने आणि १९८१ ते १९८४ मध्ये इस्राएल फिंकेलश्टाइन यांनी उत्खनन केले. इ.स.पू. ११ व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ही वस्ती आगीत नष्ट झाल्याचे त्यांना आढळले. ती इस्राएलचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी जाळली असावी, असे सामान्यतः मानले जाते. परंतु मनसर किंवा पवनीची उत्खनने पाहिलेल्या आपल्याकडच्या मंडळींना ठाऊक असेल की जळका थर आग लागल्याचे सांगतो, ती कोणी लावली ते सांगत नाही. विशेष म्हणजे १ शमुवेलात कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पवित्र पेटी) पलिष्ट्यांच्या हाती गेल्याचे आहे, शिलोच्या विध्वंसाचे वर्णन मात्र नाही.

दुसरा मुद्दा वंशाचा. नोब या याजकांच्या गावी शौल राजाच्या आज्ञेने ८५ याजक मारले गेले, त्यांतून निसटलेला अब्याथार एलीच्याच वंशातला. पुढे राजगादीच्या वादात त्याने शलमोनाचा भाऊ अदोनीया याची बाजू घेतल्यामुळे शलमोन राजाने त्याला याजकपदावरून काढून अनाथोथ या गावी धाडले आणि सादोक या दुसऱ्या याजकाला त्याच्या जागी नेमले. शिलोत एलीच्या घराण्याविषयी झालेले भाकीत यामुळे पूर्ण झाले, असे १ राजे २:२७ सांगते. एलीच्या कथेची आजची मांडणी सादोकाचे याजकपद स्थिर झाल्यानंतरची आहे, असे अनेक अभ्यासक मानतात, ते यामुळेच.

सदरकर : मनःपूर्वक आभार. भ्रष्ट याजकांवरचा असा रोष पुढेही दिसतो काय?

धंतोलीचा वाचक : दिसतो. याजक लोकांच्या पापावर पोट भरतात, असे होशेय हा संदेष्टा म्हणतो. मलाखी या संदेष्ट्याच्या काळी आंधळी-लंगडी जनावरे वेदीवर चढवली जात होती. परंतु आपल्या गटाने आधी यिर्मयाच्या पुस्तकातील ७ वा आणि २६ वा अध्याय एकत्र वाचावेत. अनाथोथच्या याजककुळातला हा संदेष्टा जेरुसलेमच्या मंदिरात उभा राहून ‘शिलोचे काय झाले ते पाहा’ असे बजावतो, आणि त्याला ठार करा, अशी मागणी करणाऱ्यांत तेथील याजकच पुढे असतात.