क्रोशात नेमकं काय विकावं? घड्याळ लावून बघा

बाळांची ब्लँकेटं करावीत की बाहुल्या, नफा कशात जास्त, असा प्रश्न एकाने विचारलाय. मी म्हणेन, आधी घड्याळ लावून एक वस्तू पूर्ण करा. दोऱ्यांची सुटी टोकं लपवणं, धुणं, पॅकिंग सगळं धरून. ब्लँकेटला ४० तास सहज जातात आणि तेवढ्या तासांचे पैसे कुणी देत नाही. शेजारी यंत्रावरचं स्वस्त ब्लँकेट ठेवलेलं असतंच. (खरा क्रोशा यंत्रावर होत नाही, मिळते ती नक्कल. पण हे किती जणांना समजावणार?)

मला हात दिला तो कुत्र्यांच्या स्वेटरांनी! डॅशहुंड लांबुडका, पाय आखूड. ग्रेहाउंडची छाती खोल, कंबर बारीक आणि केस विरळ. तयार मापं त्यांना नीट बसत नाहीत. मालक आधीच वैतागलेला असतो, त्यामुळे भावावरून घासाघीस होत नाही. मान, छाती, पाठ अशी तीन मापं मागवायची आणि लागायचं कामाला. धाग्यात मात्र कंजुषी नको, मशीनमध्ये धुता येईल असाच घ्या.

बाहुल्याच करायच्या असतील तर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्लास्टिकचे डोळे लावू नका, डोळे दोऱ्याच्या भरतकामानेच काढा. खेळण्यांच्या सुरक्षेचे नियमही आधी वाचा. आणि दुसऱ्याच्या पॅटर्नवरून (विणायच्या नमुन्यावरून) केलेली वस्तू विकायला परवानगी आहे का, तेही बघा. मी हे उशिरा पाहिलं, विणलेले बारा ससे घरातच राहिले.