हार्डटॉप फोर बाय फोरमध्ये वाऱ्याची शिट्टी आणि टायरची घरघर, मदत हवी आहे

लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली) तीन दारांची हार्डटॉप (कडक छताची), मड टेरेन (चिखलासाठीचे खोल खाचांचे) टायर. ताशी ८० किमीच्या पुढे शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं.

दाराच्या फटी, आरशाचं बूड, छताचा सांधा मास्किंग टेपने बंद केले आणि एकेक पट्टी काढत त्याच रस्त्यावर फेऱ्या मारल्या. शिट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यातून येते. तिथे दारात धरलेला कागद अलगद सुटतो, बाकीकडे रबर घट्ट पकडतं. डी आकाराची ईपीडीएम (दाराच्या सीलचं रबर) पट्टी जाड घेतली तर दार आपटावं लागेल. आधी स्ट्रायकर (दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो चौकटीवरचा आकडा) आत सरकवून पाहावा का?

दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिमी ब्युटाइल शीट (चिकट रबरी थर) आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, रोलर फिरवून, खालची पाण्याची भोकं मोकळी ठेवून लावलीय. पत्र्याचा डब्यासारखा आवाज गेला, घरघर तशीच. साहजिकच, ब्युटाइल पत्र्याची थरथर मारतं, हवेतून येणारा आवाज अडवत नाही. म्हणून फ्लोअर आणि चाकांच्या कमानींवर क्लोज्ड सेल (पाणी न शोषणारा) फोम, त्यावर मास लोडेड व्हिनाइल (आवाज अडवणारी जड, लवचिक शीट) लावायचा विचार आहे. (ओपन सेल नकोच, एक ओढा ओलांडला की पाणी धरून बसतो आणि पत्रा सडतो.)

अडलंय इथे: फ्लोअरचे ड्रेन प्लग (आत शिरलेलं पाणी काढायच्या भोकांची बुचं) उघडता यावेत म्हणून व्हिनाइल कापलं, तर त्या फटीतून आवाज शिरणार. झाकण कसं करता?