मदत हवी आहे : केळीच्या करप्याच्या बुरशीचे कोणते नाव लिहावे?

रावेरचा विद्यार्थी : करप्यावर प्रकल्प अहवाल लिहितो आहे. एका पुस्तकात बुरशीचे नाव सर्कोस्पोरा म्युझी, दुसऱ्यात मायकोस्फेरेला म्युझिकोला, तर प्रयोगशाळेच्या कागदावर स्यूडोसर्कोस्पोरा असे आहे. या तीन वेगळ्या बुरश्या आहेत काय? अहवाल सोमवारी द्यावयाचा आहे; कृपया एकच नाव सांगावे.

पानावरची रेघ (टोपणनाव) : कागदावर प्रजातीपुढे (जीनस, म्हणजे नावाचा पहिला शब्द) जातीचे (स्पीशीज, म्हणजे दुसरा शब्द) नाव आहे काय? स्यूडोसर्कोस्पोराच्या म्युझी, फिजीएन्सिस आणि युम्युझी या तिन्ही जातींमुळे केळीवर करपा येतो. पहिल्या रेघा पानाच्या वरच्या बाजूस दिसल्या की खालच्या, हेही लिहावे.

यावलचा बागायतदार : नाव कोणतेही असो, रोगट पाने कापून बागेबाहेर न्यावीत आणि खनिज तेलात प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक मिसळून फवारावे. आमच्या बागेत याचाच गुण येतो.

पानावरची रेघ : फवारणीविषयी कोणी विचारलेले नाही. शास्त्रज्ञ झिमरमन यांनी १९०२ मध्ये जावा बेटावरील बुरशीला सर्कोस्पोरा म्युझी म्हटले. खऱ्या सर्कोस्पोराचे बीजाणू ज्या जागी सुटतात तेथील वण जाड व काळपट असतात. या बुरशीचे तसे नसल्याने बुरशीशास्त्रज्ञ डेटन यांनी १९७६ मध्ये तिला स्यूडोसर्कोस्पोरा या प्रजातीत नेले. मायकोस्फेरेला हे तिच्याच लैंगिक अवस्थेचे नाव आहे. पूर्वी लैंगिक व अलैंगिक अशा दोन अवस्थांना दोन नावे चालत, मात्र १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव असा नियम आहे.

जुना कृषी पदवीधर : तरी माझ्या मते मायकोस्फेरेलाच लिहावे. शेतकरी मेळाव्यातील पत्रके आणि विस्तार कार्यकर्ते, सर्वांच्या तोंडी तेच आहे. दर दहा वर्षांनी नाव बदलले तर जुने संशोधन शोधायचे कसे?

पानावरची रेघ : जुने नाव समानार्थी म्हणून कंसात द्यावे, म्हणजे शोध अडत नाही. परंतु मायकोस्फेरेलाची आदर्श जात (जिच्याशी प्रजातीचे नाव बांधलेले असते ती) रॅम्युलेरिया या दुसऱ्या प्रजातीत मोडते, म्हणून केळीवरच्या या जातींसाठी ते प्रजातीनाम आता टिकत नाही.

रावेरचा विद्यार्थी : कागदावर स्यूडोसर्कोस्पोरा एसपी. (म्हणजे जात न ठरवलेली) एवढेच आहे. फिकट पिवळ्या रेघा वरच्या बाजूस होत्या, मग म्युझी लिहू का?

पानावरची रेघ : लक्षण पिवळ्या सिगाटोकाकडे, म्हणजे म्युझीमुळे येणाऱ्या करप्याकडे, झुकते, पण केवळ रेघांवरून जात ठरवू नये. अहवालात स्यूडोसर्कोस्पोरा एसपी. असेच ठेवून लक्षणे वेगळी नोंदवावीत, आणि नमुना शिल्लक असेल तर बीजाणू व डीएनए तपासून घ्यावेत.