९८ ची मारुती ८००, त्यात २००५ चं इंजिन बसवू का?

घाटंजीकर:
नमस्कार भाऊ. बाबांची ८०० आहे, १९९८ ची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळायची जुनी पद्धत), एमएच २९ पासिंग. कापसाच्या पैशातून घेतलेली घरातली पहिली गाडी, म्हणून भंगारात द्यायचा विषयच नाही. मे महिन्यात यवतमाळहून येताना होज पाईप फुटला, काटा लालमध्ये गेला, तरी मी दोन-तीन किलोमीटर ओढली. चूक माझीच. तेव्हापासून थरथरते, चढावर दम नाही, रोज लिटरभर पाणी पिते. मिस्त्री म्हणतो इंजिन गेलं. त्याच्याकडे अपघातातल्या २००५ च्या ८०० चं एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं) इंजिन आहे, १८ हजारांत बसवून देतो. वायरिंगचं विचारलं तर म्हणे, "आपला कार्बोरेटरच लावू वरून." हे जमतं का? पासिंग २०२८ पर्यंत आहे, ते अडकायला नको.

अमरावती गॅरेज:
दादा, दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, ६८.५ चा बोअर, ७२ चा स्ट्रोक. लोखंड जागेवर बसवणं हे सोपं काम. खरी अडचण पेट्रोल आणि करंटची. तुमच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनवर आहे, तो कमी दाबाने कार्बोरेटरला पेट्रोल देतो. एमपीएफआयला टाकीतला इलेक्ट्रिक पंप लागतो, जास्त दाबाची लाईन लागते, सेन्सर, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, वायरिंगचा पूर्ण हार्नेस लागतो. फक्त इंजिन आणून भागत नाही. घ्यायचंच तर ती अपघाताची अख्खी गाडी घ्या. कार्बोरेटर वरून लावायचा म्हणत असेल, तर त्या हेडवर (सिलेंडरवरचं झाकण) तुमचा जुना पंप बसायला जागा आहे का, मॅनिफोल्डचे (कार्बोरेटरपासून हेडपर्यंतची नळी) बोल्ट जुळतात का आणि स्पार्कचं टायमिंग कोण पुढे-मागे करणार, हे त्याला तुमच्यासमोर दाखवायला लावा. बारा व्हॉल्व्हचं हेड निघालं तर तुमचा मॅनिफोल्ड लागणारच नाही.

पण त्याआधी एक सांगा, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजलं का? न मोजता इंजिन गेलं कसं म्हणतात? तिन्ही प्लग काढा, कॉईलची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, तिन्ही आकडे लिहा. मग प्रत्येकात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा-बोअर गेले. नाही वाढला तर दोष वर आहे, गॅस्केट (हेडखालची सील) नाहीतर व्हॉल्व्ह.

वर्धेवाला:
कागदाचं मी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. त्या अपघाताच्या गाडीचे कागद आणि इंजिनचं बिल आधी हातात घ्या, पैसे मग द्या. नंबर जुळला नाही तर २०२८ ला पासिंगला अडकाल, विम्याच्या क्लेमलाही तेच.

घाटंजीकर:
आज गेज घेऊन मोजलं. पहिल्यात १२, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात ७. ऑईल टाकूनही सातच. थंड गाडीत रेडिएटरचं झाकण उघडून सुरू केली तर बुडबुडे येतात.

अमरावती गॅरेज:
मग इंजिन गेलेलं नाही! शेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली, म्हणजे दोघांच्या मधलं गॅस्केट उडालं. तापल्यामुळे हेड वाकलं असेल. हेड काढून सरळ पट्टी लावून वाकलंय का पाहा, फेसिंग (घासून सपाट) करून घ्या, क्रॅक आहे का तेही तपासा. नवीन गॅस्केट, नवा होज, थर्मोस्टॅट. हेड बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने कसणारा पाना) आवळा. नुसत्या हाताच्या अंदाजाने कसू देऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात परत उडेल.

पांढरकवडा:
भाऊ, माह्या ८०० चं असंच झालं होतं. हेड फेसिंगले यवतमाळले पाठवलं, आता तीन वर्षं झाली, मस्त चालते. अन् एक सांगतो, गाडी कापसाच्या खोलीजवळ लावत असशीन तर उंदरं पाहाय, माह्या गाडीची वायर त्यायनंच कुरतडली.

घाटंजीकर:
धन्यवाद भाऊ. मिस्त्रीला नाही म्हणून आलो. उद्या हेड उतरवतो, बाबा स्वतः उभे राहणार आहेत. पट्टी लावली की फोटो टाकतो.